ठराव क्रमांक चार : शुक्रावरची हवा

सोमवारी सकाळी दहा वाजता आपल्याला मरायचं आहे हे पक्कं झाल्यावर शनिवारची भाकरी काही शहादेवच्या घशाखाली उतरेना. भाकरी रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या लाल ज्वारीची, म्हणजे मिलोची होती. ती तशीही कुणाच्या घशाखाली सुखानं उतरत नसे, पण आज मिलोचा दोष नव्हता. चुलीपुढं बसलेली त्याची बायको मनकर्णा बराच वेळ त्याच्याकडं बघत होती.

"कावून खाईना? मीठ कमी हाय का?"

"मीठ बरं हाय."

"मग तोंड कावून असं केलंय, तेराव्याच्या पंगतीला बसल्यावानी?"

शहादेवनं हातातला घास ताटात ठेवला. तेराव्याचं नाव तिनं काढायला नको होतं.

शहादेव हा आंबळटेकच्या सेवा सोसायटीचा सेक्रेटरी. आंबळटेक म्हणजे धारूरच्या घाटाखालचं, मुरमावर बसलेलं गाव. साल बहात्तर. मृगात पाऊस एकदा येऊन, पाव्हण्यासारखं पाणी पिऊन जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. पेरलेलं उगवलं नाही, त्यामुळं सोसायटीला काम उरलं नाही. काम नाही म्हणून सभेला विषय नाही, आणि विषय नाही म्हणून ठराव नाही. श्रावणात तालुक्याहून पत्र आलं, 'मागील तीन मासिक सभांत एकही ठराव नोंदलेला दिसत नाही. खुलासा करावा.'

शहादेव वाघाला भीत नसे, कारण त्या भागात वाघ नव्हता. पण जावक क्रमांक घातलेल्या कागदाला तो फार भ्यायचा. पत्र वाचल्यापासून त्याला रात्री झोप नाही आणि दिवसा अन्न नाही अशी गत झाली. नेमकी त्याच आठवड्यात सभा भरली आणि नेहमीप्रमाणं त्यानं सगळ्यांना पेपर वाचून दाखवला. पेपर धारूरपर्यंत एसटीनं यायचा आणि पुढं सायकलवर, म्हणून आंबळटेकला जगातली प्रत्येक गोष्ट एक दिवस उशिरा घडत असे. त्या दिवशी बातमी होती की रशियाचं यान शुक्रावर उतरलं. तिथं शिसं वितळेल इतकी धग आहे, हवा जवळजवळ सगळी कर्बवायूची आहे, आणि माणूस त्यात दोन मिनिटंही टिकायचा नाही.

"ह्ये कोण म्हणतो?" चेअरमन सर्जेरावांनी विचारलं. गावात कुणी काही म्हटलं की ते आपल्याला विचारून म्हटलं का, हे बघायची त्यांना सवय होती.

"शास्त्रज्ञ म्हणत्यात."

"तिथं गेलते का ते?"

"यान गेलतं."

"यान गेलतं, माणूस न्हाई गेला. मग माणसाचं त्यांला काय ठावं? आरं, ज्याला आंबळटेक सोसलं त्याला शुक्र कावून सोसणार न्हाई? आमच्या पत्र्यावर मे महिन्यात हात ठिवून दाखव म्हणावं."

सगळ्यांना ते पटलं. पटलं नाही ते एकट्या दगडाबाईला. म्हातारी सत्तरीची, नवरा गेल्यावर त्याचा शेअर तिच्या नावावर झाला होता, म्हणून ती सभेला यायची आणि उंबऱ्यावर बसायची.

"तसली हवा आपल्या धान्याच्या पेवातबी आस्ती," ती म्हणाली. "माझा मालक पेव उघडायचा. दोन दिस तोंड उघडं ठिवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील जळला तर माणूस उतरला. कंदील इझला तर माणूसबी इझतो."

शहादेवचं लक्ष तिच्याकडं नव्हतं. ते होतं पुढ्यातल्या सभावृत्ताच्या कोऱ्या पानावर. त्यानं हळूच दौत उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : शुक्र ग्रहावरील हवेत मनुष्य श्वास घेऊ शकतो किंवा कसे.' त्याचं स्वतःचं याबाबतीत काही मत नव्हतं. सेक्रेटरीला ते असूही नये. पण चेअरमनचं मत झालं होतं, आणि ठरावाला सूचक लागतो. 'घेऊ शकतो' असा ठराव ठेवून सूचक तो झाला, अनुमोदन सर्जेरावांनी दिलं. हात वर झाले. नऊ विरुद्ध एक.

"हात वर केल्यानं हवा बदलती का रं?" दगडाबाईनं विचारलं.

"बहुमत हाय काकू," शहादेव म्हणाला.

ठराव क्रमांक चारची नक्कल तालुक्याला गेली. उलट टपाली काही आलं नाही. म्हणजे तो मंजूर झाला असं धरून शहादेव त्या रात्री घोरला.

ही झोप मार्गशीर्षात महागात पडली. गावातल्या कणग्या खरवडून झाल्या तेव्हा सगळ्यांना सोसायटीच्या पेवाची आठवण झाली. दोन वर्षांमागं, बऱ्या सालात, प्रत्येक सभासदानं थोडी थोडी ज्वारी आणून वेशीबाहेरच्या टेकाडावर जमिनीत पुरली होती. पेव म्हणजे मातीतला रांजणच; तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, पोट एखाद्या खोलीएवढं. आत कडब्याचं अस्तर, वर शिळा, शिळेवर चिखल. त्या वर्षी ते निम्मंच भरलं होतं, म्हणजे ज्वारी काढायची तर माणसाला आत उतरूनच पोती भरावी लागणार. आणि कोंडलेल्या धान्याची हवा माणसाला कशी गुमान आडवं करते याच्या गोष्टी गावात पोरासोरांनाही पाठ होत्या.

शिळा काढायच्या दिवशी सर्जेरावांनी विचारलं, "उतरणार कोण?"

कुणी पायाकडं बघितलं, कुणी आभाळाकडं. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतंच.

"ठराव काढा की," दगडाबाई म्हणाली.

"कोणता?"

"चार नंबरचा. पेवातली हवा आन् शुक्रावरची हवा एकच. मानूस तिथं सुखानं श्वास घेतो असं तुमीच लिवलंय. मग ज्यानं सुचवलं त्यानं आधी घ्यावा."

सगळ्या गावानं एकदम सुटकेचा श्वास सोडला. सर्जेरावांनी मनातल्या मनात सूचक कोण होतं ते पुन्हा एकदा तपासलं आणि मान डोलावली. "रास्त हाय."

शहादेव भ्याला. पण भित्र्या माणसाचं डोकं फार चालतं. कंदील सोसायटीचा, म्हणजे त्याच्या ताब्यात. कंदील विझला तर कुणी त्याला खाली पाठवणार नाही. चार दिवस जातील, भूक वाढेल, दुसऱ्या कुणाला तरी धीर येईल. त्यानं घरी माजघरात कंदिलातलं राकेल बाटलीत काढलं, वात पिळून घेतली, बुडाशी दोन थेंब ठेवले आणि भर दुपारी कंदील पेटवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजत फिरू लागला. नव्वदाव्या पावलाला ज्योत बसली. पुन्हा वात पिळली. सत्तर.

मनकर्णा दारात येऊन उभी राहिली. "दिवसाढवळ्या कंदील घिऊन काय हुडकता?"

"सोसायटीचं काम हाय."

शुक्रवारी दोरीनं कंदील पेवात सोडला. सहा हात गेला आणि विझला. सगळं गाव तीन पावलं मागं सरलं. शहादेवही सरला, चेहरा पाडून. शनिवारी पुन्हा सोडला, पुन्हा विझला. आता मात्र लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. आत शुक्रच येऊन बसला आहे, असं बाया कुजबुजू लागल्या. रिकामी पोती काखेत मारून त्या दोन दिवस टेकाडावर बसल्या होत्या.

वाहेद मिस्त्री दोरी गुंडाळत होता. तो धारूरचा, पाण्याची इंजिनं दुरुस्त करणारा. पण विहिरीच आटल्यामुळं त्याला हल्ली काम नव्हतं, म्हणून कप्पी आणि दोरी घेऊन तो इथं आला होता. तो म्हणाला, "एक कोंबडी सोडून बघा. जिती ऱ्हायली तर सेक्रेटरी साबला सोडा."

गावात तीन कोंबड्या उरल्या होत्या. तिघींच्या मालकिणी एका आवाजात म्हणाल्या, "आमची कोंबडी अंडं देती."

सेक्रेटरी काय देतो हे कुणी विचारलं नाही.

"मग आता काय करायचं?" शहादेव म्हणाला. आवाजात त्यानं शक्य तेवढं दुःख आणलं होतं. "कंदील दोनदा इझला. म्हणजे हवा वाईट हाय. आपण पंधरा दिस थांबू."

सर्जेराव चिडले. ठराव खोटा ठरत होता, आणि त्यावर त्यांची सही होती. "ठराव माणसाचा हाय," ते म्हणाले, "कंदिलाचा न्हाई. कंदील इझला म्हणून माणूस इझतो असं कुठं लिवलंय? उद्या बाजार हाय. सोमवारी दहाला उतर."

तर शनिवारची भाकरी अशी अडकली होती.

आणि खरी मेख पुढंच होती. त्या पेवातली हवा कशी होती, हे आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. शहादेवलाही नव्हतं. कंदील त्यानं विझवला होता. पण तो भरला असता तर जळलाच असता असं थोडंच होतं? हवा चांगली असेल, किंवा शुक्रावरची असेल. कळायचा एकच उपाय होता आणि त्यानं तोच पिळून बाटलीत भरून ठेवला होता.

रविवारी गाव बाजाराला गेलं तसा तो राकेल भरलेला कंदील धोतराच्या सोग्याखाली लपवून टेकाडावर गेला. पेवाच्या तोंडाशी दगडाबाई मिश्री लावत बसली होती.

"काय रं?"

"काई न्हाई काकू. बघायला आलतो."

"बघून घे."

त्यानं वाकून आत बघितलं. काळंशार. आंबूस, उबट वास वर आला, पण म्हातारीदेखत कंदील बाहेर काढता येईना. मागं न बघता तो घरी आला, तर मनकर्णा दारात उभी. तिला आडावर सगळं कळलं होतं.

"पेवात उतरणार म्हणं तुमी."

"ठराव हाय."

"पर त्यो कंदील तर तुमीच..."

"हळू बोल."

"खरं सांगून टाका की. भ्यालतो म्हणावं. भ्यायला काय बंदी हाय का?"

"दोन दिस बाया उपाशी बसल्यात तिथं. खरं सांगितलं तर गाव मला पेवात उतरवणार न्हाई, ढकलंल."

मनकर्णानं विचार केला. त्यात तथ्य होतं. "मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी मरेस्तोवर सांगायची न्हाई."

सोमवार उजाडला. एरवी आंबळटेकला दहा वाजायला बारा वाजायचे, त्या दिवशी नेमके दहाला वाजले. वाहेदनं शहादेवच्या कंबरेला दोरी बांधली, काखेतून फिरवली आणि गाठ ओढून बघितली.

"बेफिकीर ऱ्हावा सेक्रेटरी साब. ही दोरी इंजिन उचलती. तुमी तर निस्ते कागद."

"वाहेद, मी एक झटका दिला की वढ. दोन दिले की लवकर वढ."

"आन् एकबी न्हाई दिला तर?"

शहादेवनं डोक्याची टापशी सोडली. ते फडकं तोंडाला गुंडाळलं. मनाशी त्यानं एक बेत केला होता. वरच छाती फुटेस्तोवर हवा भरून घ्यायची आणि ती खाली पुरवून पुरवून वापरायची. त्यानं गावाकडं बघितलं, घाटाकडं बघितलं, मनकर्णाकडं बघायचं टाळलं, आणि छाती भरून घेतली. कप्पी करकरली. आभाळ लहान होत होत परातीएवढं झालं. मग पाय ज्वारीत रुतले.

"पोचला का?" वरून सर्जेरावांचा आवाज आला.

उत्तर द्यायचं तर श्वास सोडावा लागला असता. शहादेव गप्प.

"शहादेव, बोल की बे."

गप्प. डोळ्यांपुढं काजवे चमकू लागले. कानात नगारा वाजायला लागला. शेवटी छातीनंच त्याचं ऐकायचं सोडलं. टापशीतून शिट्टी वाजावी तसा एक लांबलचक श्वास आत गेला. झालं. आता संपलं. तो मटकन ज्वारीवर बसला आणि त्यानं डोळे गच्च मिटले. दोन मिनिटं, असं पेपरात आलं होतं. एकशेवीस आकडे. तो मनात मोजू लागला. एक, दोन, तीन. बोलण्यात हवा खर्चायची नाही, हलायचं नाही.

वर गाव कान देऊन उभं होतं. खालून हूं नाही की चूं नाही. दोरीही ढिली पडली होती. वाहेदनं ती जरा ओढून बघितली आणि सर्जेरावांकडं बघून मान हलवली. तेवढं मनकर्णाला पुरलं. तिनं कपाळावर हात मारून जो गळा काढला, तो टेकाडाच्या पलीकडं ऐकू गेला.

"माझ्या राजा रंऽ, कसा गेलास रंऽ... दुष्काळातबी अंघोळीला दोन घागरी लागायच्या रं तुलाऽ..."

चाळीस, एकेचाळीस. खाली शहादेवला ते ऐकू येत होतं. आपल्यासाठी कुणी रडतं आहे, हे मरताना ऐकायला मिळणं म्हणजे भाग्यच, असं वाटून त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"सोसायटीच्या कागदात शेंगा बांधून आणायचास रंऽ... चेअरमनला पाठीमागं घुबड म्हणायचास रंऽ..."

त्रेसष्ट, चौसष्ट. शहादेवला वाटलं, आता एवढ्यावर थांबावं.

स्वतः मरेपर्यंत सांगणार नाही, असं मनकर्णानं म्हटलं होतं. तो मेल्यावरचं काही ठरलं नव्हतं.

"कंदिलातलं राकेल काढून ठिवलंस रंऽ... पिळून पिळून वात कोरडी केलीस रंऽ... भ्याड होतास पर माझा होतास रंऽ..."

 बायांनी एकमेकींकडं बघितलं, मग काखेतल्या रिकाम्या पोत्यांकडं. खाली शहादेवचा आकडा चुकला. शहाऐंशी की अडुसष्ट, काही कळेना. दोन मिनिटं जरा लवकर संपली तर बरं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

दगडाबाई पेवाच्या काठाशी आली. "सूचक गेला," ती म्हणाली. "आता अनुमोदक."

"म्हणजे?" सर्जेरावांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं. त्यांच्या मिशा दोन्ही बाजूंनी खाली आल्या.

"म्हणजे प्रेत काढाया कोण तरी उतराया पायजे. ठरावावर दोन सह्या हायत. एक खाली गेली."

वाहेदनं दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि अदबीनं म्हणाला, "चेअरमन साब, कंबर किती हाय तुमची?"

सर्जेरावांच्या कपाळाला थंडीत घाम फुटला. पण उगीच नव्हे सलग तीन वेळा ते चेअरमन झाले. त्यांनी दोन्ही हात वर केले. "थांबा. सभासद समदे हजर हायत ना? मग ही सभा समजा. ठराव क्रमांक चार रद्द. शुक्रावर आन् तसल्याच कोणच्याबी हवेत माणूस श्वास घिऊ शकत न्हाई, कुणी घेऊबी नये. सूचक मी. कोण कोण बाजूनं हाय?"

टेकाडावरचे सगळे हात वर झाले. ज्यांना मत नव्हतं त्यांचेही झाले.

खाली शहादेवनं डोळे उघडले. एकशेवीस केव्हाच उलटून गेले असावेत. नाकात जुन्या ज्वारीचा आंबूस वास होता, छाती भात्यासारखी चालू होती, आणि बोटं मोजली तर दहाच्या दहा होती. आपण जिवंत आहोत का, याची त्याला अजून खात्री नव्हती; पण वर जे चाललं होतं ते त्याला ऐकवेना. बारा वर्षांची सेक्रेटरीकी त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडली.

"चेअरमनसाहेब, सभेची नोटीस काढली न्हाई. सात दिस आधी काढावी लागती."

वरचे सगळे हात होते तिथं थिजले.

"या अल्ला," वाहेद पुटपुटला, "भूत कायद्याचं बोलतंय."

"भूत न्हाई," दगडाबाई म्हणाली. "हवा चांगलीच हाय आत. आज तांबडं फुटताना मी घरची पणती सोडलती. तळाशी जाऊन जळत बसली. तेल संपलं तवाच वर वढली."

सर्जेराव तिच्याकडं बघतच राहिले. "मग सांगितलं कावून न्हाई काकू?"

"माझं एकच मत," म्हातारी मिश्रीचं बोट लुगड्याला पुसत म्हणाली. "नवांपुढं एकाचं काय चालतंय?"

पेवाच्या तोंडाभोवती माणसं गोळा झाली. शहादेवनं वर बघितलं. परातीएवढ्या आभाळाला काठानं डोकीच डोकी लागली होती. कुणी हसत नव्हतं. पोती काखेत मारलेल्या बाया एका बाजूला होत्या, मिशा पुन्हा वर गेलेले सर्जेराव दुसऱ्या बाजूला, आणि बरोबर मधोमध मनकर्णा. तिचं रडणं थांबलं होतं. डोळे पुसून झाले होते. तिनं पदर कंबरेला खोचला होता.

"ये वर," ती म्हणाली. नुसतं एवढंच. पण नवरा जिवंत निघाला म्हणून रडलेलं सगळं फुकट गेल्याचा हिशेब त्या दोन शब्दांत होता.

शहादेवनं कंबरेची गाठ सोडली. "आधी पोती सोडा," तो खालून म्हणाला.

पोती आणि सूप खाली सुटलं. आणि मग गावानं जे बघितलं ते आधी कधी बघितलं नव्हतं. ज्या माणसाला सहीचा शिक्का उचलायला दोन माणसं लागायची, तो सुपानं ज्वारी ओढून पोत्यामागून पोतं भरू लागला. कप्पी थांबेना. दहा झाली, वीस झाली. ज्वारी थोडी काळवंडली होती, पण होती ज्वारीच. बाया ओंजळीत घेऊन वास घेत होत्या आणि जात्याकडं पळत होत्या. दुपारी खाली भाकरी सोडली, ती त्यानं खालीच खाल्ली. पाणी सोडलं, तेही खालीच प्याला. उन्हं कलली तेव्हा ज्वारी घेऊन निम्मं गाव घरी गेलं होतं.

सर्जेरावांनी वाकून आवाज दिला. "शहादेवराव, बास झालं आता. हवा कशी हाय आत?"

"आतली चांगली हाय," खालून आवाज आला. मग जरा थांबून, दबक्या आवाजात, "वरची कशी हाय?"

सर्जेरावांनी मान वळवली. पेवापासून चार हातांवर, शिळेला टेकून मनकर्णा बसली होती. पदर तसाच खोचलेला होता आणि नजर पेवाच्या तोंडावरून हललेली नव्हती. सर्जेरावांनी पुन्हा आत तोंड घातलं.

"अजून निवली न्हाई," ते म्हणाले.

खाली सूप पुन्हा ज्वारीत खुपसल्याचा आवाज झाला.

"मग आणखी दोन पोती सोडा."